दोन डगरींवर पाय : नोकरी एकाची, माल दुसऱ्याचा (थ्रेड)

१/
ठाणे-बेलापूर रस्त्यावरील दिघा. एका बाजूस पारसिकची डोंगररांग, दुसऱ्या बाजूस कारखान्यांच्या भिंती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढील काळात या पट्ट्यात रसायने, औषधे व यंत्रसामग्री यांचे उद्योग वसले. १२ जानेवारी २०२४ रोजी ठाणे आणि ऐरोली यांच्यामध्ये ‘दिघा गाव’ हे रेल्वे स्थानकही सुरू झाले. याच रस्त्याने रोज सकाळी विक्री प्रतिनिधी ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी येथील रुग्णालयांकडे निघतात. कोणाच्या बॅगेत स्टेंटचा कॅटलॉग असतो, कोणाच्या बॅगेत हाडांत बसवायच्या प्लेट आणि स्क्रू यांचे नमुने.

२/
या व्यवसायात एक जुनी तक्रार ऐकू येते. गळ्यात ओळखपत्र एका कंपनीचे, पण बॅगेच्या आतल्या कप्प्यात दुसऱ्या, प्रसंगी थेट प्रतिस्पर्धी कंपनीचा माल. पगार एकाकडून, कमिशन दोघांकडून. मराठीत यासाठी नेमका वाक्प्रचार आहे : दोन्ही डगरींवर पाय ठेवणे. कंपन्या याला बेइमानी म्हणतात. प्रतिनिधी म्हणतो, पगारात भागत नाही आणि डॉक्टरांशी असलेली ओळख ही माझी कमाई आहे. हा वाद नवा वाटतो. प्रत्यक्षात पश्चिम किनाऱ्यावर तो साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या वादाचा हा धावता इतिहास.

३/
आरंभ सुरतेपासून. ३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. १६१३ मध्ये जहांगीरच्या फर्मानानंतर सुरतेस तिची वखार उभी राहिली. लंडनहून सुरतेस पत्र पोहोचण्यास कित्येक महिने लागत आणि उत्तर परत जाईपर्यंत दुसरे वर्ष उजाडे. म्हणजे वखारीतील माणूस काय विकतो, कोणास विकतो आणि किती भावाने विकतो, हे मालकाला जवळजवळ कधीच वेळेवर कळत नसे. अर्थशास्त्र ज्याला मालक आणि मुखत्यार यांच्यातील पेच म्हणते, तो येथे समुद्राएवढा रुंद होता.

४/
त्यात पगार. अठराव्या शतकात कंपनीच्या सर्वांत खालच्या पायरीवरील ‘रायटर’ला, म्हणजे कारकुनाला, वर्षाला ५ पौंड मिळत. १७४४ साली रॉबर्ट क्लाइव्ह मद्रासला उतरला तो याच पदावर. एवढ्या पैशांत घरभाडे, नोकर आणि कपडालत्ता निभावणे शक्य नव्हते, हे लंडनच्या संचालकांना पूर्ण ठाऊक होते. तरीही श्रीमंत घरांतील मुले या नोकरीसाठी वशिले लावत. कारण उघड होते. नोकरीचे खरे मोल पगारात नव्हते. ते नोकरीमुळे मिळणाऱ्या संधीत होते.

५/
ती संधी म्हणजे ‘खाजगी व्यापार’. प्रारंभी कंपनीने त्यावर बंदी घातली. बंदी पाळली जात नाही असे दिसताच १६६० आणि १६७० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने एक रेषा आखण्यात आली. युरोप आणि आशिया यांच्यातील व्यापार कंपनीचा; आशियातील बंदरा-बंदरांमधील व्यापार नोकराला स्वतःच्या पैशांवर करण्यास मोकळा. सुरतेहून मोखा, मुंबईहून मलबार, पुढे चीन, अशी जहाजे नोकरांच्या मालकीच्या मालाने भरू लागली. कंपनीने जणू सांगितले : पगार आम्ही कमीच देऊ, मात्र ठरवून दिलेल्या मर्यादेत जोडधंदा करा.

६/
याच काळात डच ईस्ट इंडिया कंपनीने उलट मार्ग निवडला. नोकरांना खाजगी व्यापाराची सक्त मनाई होती. पगार मात्र तुटपुंजाच राहिला. परिणाम असा की व्यापार थांबला नाही, तो केवळ दृष्टीआड गेला. त्या कंपनीच्या आद्याक्षरांवर पुढे डच भाषेत एक कडवट विनोद रूढ झाला. त्याचा अर्थ ‘भ्रष्टाचाराखाली बुडालेली’ असा होतो. तिच्या पतनाला युद्धे आणि कर्जे हीदेखील तितकीच कारणीभूत होती; १७९९ च्या अखेरीस तिची सनद संपली. याउलट, इंग्रज कंपनीचे जहाज-कप्तान खाजगी नफ्यासाठी नवनवी बंदरे धुंडाळत आणि त्यांनी आणलेली माहिती कंपनीलाही उपयोगी पडे, असा युक्तिवाद समाजशास्त्रज्ञ एमिली एरिकसन यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात केला आहे.

७/
येथपर्यंतची गोष्ट ऐकून वाटेल की जोडधंद्याला परवानगी देणे हेच शहाणपण. पण रेषा आखली की ती ओलांडणारेही येतातच. कंपनीच्या नावावर, कंपनीच्या निशाणाखाली, नोकराने स्वतःच्या मर्जीने सौदा केला आणि तो अंगाशी आला, तर भरपाई कोणी करायची? या प्रश्नाचे महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण राजापूरचे आहे.

८/
१६६०. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि शिवाजी महाराज गडावर होते. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने सिद्दीला तोफगोळे पुरवले. एवढ्यावर न थांबता वखारीतील इंग्रज स्वतः वेढ्यात गेले आणि आपले निशाण फडकावून त्यांनी गडावर मारा केला. महाराज जुलैमध्ये वेढ्यातून निसटून विशाळगडास पोहोचले, हा इतिहास सर्वांना परिचित आहे. त्याचा हिशेब पुढच्या वर्षी झाला. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर घेतले, वखारीतील इंग्रजांना कैद केले आणि वखार खणून काढली.

९/
कैदी सुरतेला पत्रे पाठवत राहिले : आमची सुटका करा. सुरतेच्या अधिकाऱ्यांनी १६६२ मध्ये दिलेले उत्तर थंड होते. त्याचा आशय असा की, तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेलेला नाहीत. पन्हाळ्यावर जाऊन इंग्रजांचे निशाण लावून गोळे डागल्याचे हे फळ आहे. त्या कैद्यांची सुटका होण्यास १६६३ साल उजाडले. हे प्रकरण निव्वळ खाजगी व्यापाराचे नव्हे. पण त्यातून एक नियम स्पष्ट दिसतो. सौदा यशस्वी झाला की तो कंपनीचा. फसला की तो नोकराचा वैयक्तिक आगाऊपणा. आजही ज्या प्रतिनिधीच्या बाजूच्या विक्रीकडे वरिष्ठ ‘टार्गेट पूर्ण होत आहे’ म्हणून काणाडोळा करतात, त्याने हा नियम लक्षात ठेवावा असा आहे.

१०/
त्याच सुरतेत आणखी एक वर्ग होता : दलाल. १६९८ नंतर इंग्रजांच्याच दोन प्रतिस्पर्धी कंपन्या निर्माण झाल्या, जुनी आणि नवी. १७०० साली नव्या कंपनीचा प्रमुख सर निकोलस वेट याने रुस्तम माणक या पारशी व्यापाऱ्यास दलाल नेमले. रुस्तम माणक पोर्तुगीजांचेही काम पाहत असे आणि त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. दलाल अनेकांचा असतो, हे घेणारा आणि देणारा दोघेही जाणून होते. पुढे दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि रुस्तम माणकच्या येण्यावरून वाद पेटला. तो मरण पावल्यानंतर त्याचा मुलगा नौरोजी थेट लंडनला गेला आणि १७२५ च्या लवादात निवाडा माणक कुटुंबाच्या बाजूने लागला.

११/
येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. वाशीच्या बाजार समितीतील अडत्या एकाच गाळ्यावर अनेक शेतकऱ्यांचा माल विकतो. ते सर्व शेतकरी एकमेकांचे स्पर्धक असतात, तरीही कोणी अडत्याला बेइमान म्हणत नाही. कारण त्याच्या धंद्याचे स्वरूपच सर्वांसमोर उघड असते. वैद्यकीय उपकरणांचे कित्येक वितरकही अनेक कंपन्यांचा माल उघडपणे ठेवतात. म्हणजे प्रश्न ‘दोन माल’ हा नाही. प्रश्न असा : समोरच्या माणसाला, आणि पगार देणाऱ्याला, त्या दुसऱ्या मालाची माहिती आहे का?

१२/
माहिती नसते तेव्हा काय घडते, हे बंगालने दाखवले. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरच्या फर्मानाने कंपनीला वार्षिक ३,००० रुपयांच्या मोबदल्यात बंगालमध्ये जकातमुक्त व्यापाराची सवलत मिळाली. कंपनीच्या मालासोबत ‘दस्तक’ नावाचे परवानापत्र जाई. ते दाखवले की नाक्यावर जकात माफ. ही सवलत कंपनीच्या मालासाठी होती. नोकरांनी ती स्वतःच्या मिठाला, सुपारीला आणि तंबाखूला लावली. काहींनी तर दस्तके इतर व्यापाऱ्यांना विकली. परवाना कंपनीचा, माल स्वतःचा.

१३/
या उदाहरणाचे आजच्या प्रतिनिधीशी असलेले साम्य ठळक आहे. शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत तो पोहोचतो तो कंपनीच्या नावावर. हाडांच्या अनेक शस्त्रक्रियांत इम्प्लांटसोबत लागणारी हत्यारांची पेटी प्रतिनिधीच आणतो, मापे सांगतो, कोणता स्क्रू कोणत्या प्लेटला बसेल हे दाखवतो. त्या दाराशी त्याला अडवत नाहीत, कारण त्याच्या ओळखपत्रामागे प्रशिक्षण, परवाने आणि जबाबदारी असलेली एक संस्था उभी असते. त्याच ओळखपत्रावर दुसऱ्याचा माल आत गेला की ते ओळखपत्र दस्तक बनते.

१४/
बंगालमध्ये याची किंमत कोणी मोजली? कंपनीने नव्हे आणि नोकरांनीही नव्हे. मोजली ती जकात भरणाऱ्या देशी व्यापाऱ्यांनी, ज्यांना जकातमुक्त मालाशी स्पर्धा करणे अशक्य झाले. आणि कंपनीच्या गुमास्त्यांच्या दडपणाखाली माल पडत्या भावाने देणाऱ्या विणकरांनी. नवाब मीर कासिमने अखेर १७६३ मध्ये सर्वांचीच जकात रद्द केली. निदान देशी व्यापारी बरोबरीने उभे राहतील, हा त्याचा हेतू. इंग्रजांना ही बरोबरी सोसली नाही. युद्ध झाले आणि २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सारला त्याचा शेवट झाला. नोकरांच्या जोडधंद्याच्या रक्षणासाठी एक राज्य उलथले गेले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

१५/
‘गुमास्ता’ हा शब्द येथे सहज आला. गुमास्ता म्हणजे धन्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा मुखत्यार नोकर. मुंबई आणि परिसरात दुकानाच्या नोंदणीला आजही लोक ‘गुमास्ता लायसन्स’ म्हणतात. भाषेत हा शब्द टिकला, कारण दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा माणूस हा या प्रदेशाच्या व्यापाराचा कणाच होता. धनी आणि गुमास्ता यांच्यातील विश्वास किती महाग असतो, हेही या प्रदेशाने फार आधीपासून ओळखले होते.

१६/
बंगालचा पैसा नोकरांनी मायदेशी कसा नेला, ही गोष्ट याहून विलक्षण. १७५७ नंतर जमलेली संपत्ती स्वतःच्या कंपनीमार्फत पाठवण्यास मर्यादा होत्या आणि प्रश्नही विचारले जात. मग नोकरांनी ती रक्कम भारतातच डच, फ्रेंच आणि डॅनिश कंपन्यांच्या हाती दिली आणि युरोपात वटवता येतील अशी हुंडीसारखी पत्रे घेतली. त्या रकमेतून या कंपन्यांनी भारतात माल खरेदी केला. म्हणजे इंग्रज कंपनीच्या नोकरांची खाजगी कमाई तिच्याच प्रतिस्पर्ध्यांचे भांडवल झाली. प्रतिस्पर्धी माल बाजूला चालवण्याचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण.

१७/
मुंबईत या व्यवहाराला संस्थेचे रूप आले. १७६७ मध्ये जॉन फोर्ब्स याने येथे आपली पेढी सुरू केली. अशा पेढ्यांना ‘एजन्सी हाउस’ म्हणत. कंपनीच्या नोकरांचे पैसे त्या सांभाळत आणि जहाजे, कापूस, मिरी यांत गुंतवत. इतिहासकार पामेला नाइटिंगेल यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवले की, अठराव्या शतकाच्या अखेरीस गुजरात आणि मलबारमध्ये मुंबई सरकारने केलेल्या विस्तारामागे कापूस आणि मिरी यांत गुंतलेले हे खाजगी हितसंबंध प्रभावी होते. कार्यालयात बसून सरकारी धोरण ठरवणारा आणि संध्याकाळी त्याच धोरणातून नफा मोजणारा माणूस अनेकदा एकच होता.

१८/
मग कंपनीने उपाय शोधले. पहिला उपाय शपथेचा. क्लाइव्हने १७६५ मध्ये नोकरांकडून नजराणे न घेण्याचे करार लिहून घेतले; पण त्याच वर्षी त्याने वरिष्ठ नोकरांसाठी मीठ, सुपारी व तंबाखू यांच्या व्यापाराची एक मंडळीही उभी केली, कारण पगार वाढले नव्हते. लंडनने ती मंडळी १७६८ मध्ये बंद पाडली. दुसरा उपाय पगाराचा. १७७३ च्या नियामक कायद्याने गव्हर्नर जनरलला वर्षाला २५,००० पौंड आणि कौन्सिलच्या सदस्यांना प्रत्येकी १०,००० पौंड दिले. सोबत खाजगी व्यापार आणि नजराणे यांवर बंदी घातली.

१९/
कॉर्नवॉलिसने १७८६ ते १७९३ या आपल्या कारकिर्दीत हेच सूत्र खाली आणले. जिल्ह्याच्या कलेक्टरला दरमहा १,५०० रुपये पगार, वर वसुलीवर कमिशन आणि व्यापाराला पूर्ण मनाई. नोकरीवर भागेल एवढा पगार दिला की मग निष्ठा मागण्याचा अधिकार मिळतो, हे त्याने मान्य केले. परंतु या सुधारणेला एक काळी बाजू होती. मोठ्या पगाराच्या पदांवरून भारतीयांना पद्धतशीरपणे वगळण्यात आले. प्रामाणिक राहण्याची ऐपत गोऱ्या अधिकाऱ्याला दिली गेली. हाताखालच्या देशी कारकुनाचा पगार तुटपुंजाच राहिला आणि लाचखोरीचा शिक्काही त्याच्याच कपाळी बसला.

२०/
एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न कायद्याच्या भाषेत आला. १८७२ चा भारतीय करार कायदा त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झाला आणि तो आजही चालू आहे. त्यातील कलम २१५ सांगते की, मुखत्याराने धन्याची पूर्वसंमती न घेता आणि सर्व महत्त्वाची माहिती न देता त्याच धंद्यात स्वतःच्या लाभासाठी व्यवहार केला आणि त्यात अप्रामाणिक लपवाछपवी असली किंवा धन्याचे नुकसान झाले, तर धनी तो व्यवहार नाकारू शकतो. कलम २१६ पुढे जाते : धन्याच्या नकळत मिळवलेला लाभ धनी मागू शकतो. कायद्याचा रोख पाहा. दुसऱ्या व्यवहाराचे अस्तित्व हा त्याचा मुख्य मुद्दा नाही. संमती आणि माहिती यांचा अभाव हा आहे.

२१/
त्याच कायद्यात कलम २७ आहे. कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. न्यूयॉर्कचे विधिज्ञ डेव्हिड डडली फील्ड यांच्या मसुद्याचा ठसा या कलमावर आहे. म्हणजे एकाच कायद्याने दोन गोष्टी सांगितल्या. नोकरीत असताना लपवून दुसऱ्याचे काम करू नका. आणि धन्याने नोकराचे पोट कायमचे बांधून ठेवू नये. या दोन कलमांच्या मधली जागा न्यायालयांना पुढे शतकभर मोजावी लागली.

२२/
त्यातील एक मैलाचा दगड दिघ्यापासून फार दूर नाही. कल्याण येथे सेंच्युरी स्पिनिंग कंपनीने परदेशी सहकार्याने टायरसाठी लागणाऱ्या धाग्याचा कारखाना काढला. पाच वर्षांच्या करारावर घेतलेला, कंपनीने प्रशिक्षण दिलेला एक पर्यवेक्षक मुदतीपूर्वीच सोडून राजस्थानातील कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात जास्त पगारावर गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये निर्णय दिला की, नोकरीच्या मुदतीपुरते प्रतिस्पर्ध्याचे काम न करण्याचे बंधन वाजवी आहे. मुदतीच्या आत निष्ठा मागता येते, हे त्यातून ठरले.

२३/
मुदतीनंतर काय? याचे उत्तर एका मराठी मुलखातील क्रिकेटपटूच्या खटल्यातून मिळाले. श्रीरामपूरच्या झहीर खानचे व्यवस्थापन मुंबईची परसेप्ट डी’मार्क ही संस्था पाहत होती. कराराची मुदत संपल्यावरही पुढचा करार प्रथम आम्हालाच दाखवावा, असे कलम तीत होते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम २७ चा आधार घेऊन मुदतीनंतरचे ते बंधन अमान्य केले. निष्ठा पगाराइतकीच टिकते, त्यापुढे नाही.

२४/
आता औषध प्रतिनिधीकडे वळू. कंपनी त्याच्याकडून निष्ठा मागत होती, पण कायद्याने तो ‘कामगार’ आहे की नाही, हेच दीर्घकाळ अनिश्चित होते. १९६१ मध्ये मे अँड बेकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामगाराच्या व्याख्येबाहेर ठेवले, कारण त्याचे मुख्य काम माल खपवण्याचे. संघटनांच्या दीर्घ लढ्यानंतर १९७६ चा विक्री संवर्धन कर्मचारी कायदा आला. नेमणूक पत्र देणे त्याने बंधनकारक केले, रजा दिली आणि औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण लागू केले. त्यापूर्वी नेमणुकीचा साधा कागदही कायद्याने सक्तीचा नव्हता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

२५/
तरीही दार पूर्ण उघडले नाही. सँडोझ कंपनीविरुद्धच्या खटल्यात १९९४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येनुसार वैद्यकीय प्रतिनिधी कामगार नाही. त्यामुळे महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखालीही त्याला दाद मागता येणार नाही. कारखान्यातील कामगारासाठी १९४८ च्या कारखाना कायद्यात दुहेरी नोकरीवर मर्यादा होती, पण त्यासोबत कामाचे तास आणि जादा कामाचा दर यांचेही संरक्षण होते. प्रतिनिधीला मात्र नेमणूक पत्रात ‘अन्य कोणताही व्यवसाय करू नये’ हे वाक्य मिळाले आणि त्यासोबतचे संरक्षण अर्धेच मिळाले.

२६/
हाच वाद २०२२ मध्ये माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात ‘मूनलाइटिंग’ या नावाने आला. विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी त्याला उघड शब्दांत फसवणूक म्हटले आणि प्रतिस्पर्ध्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचे सांगितले. इन्फोसिसने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेगळी वाट दाखवली : वरिष्ठांची पूर्वसंमती असेल आणि हितसंबंधांचा संघर्ष नसेल, तर बाहेरचे छोटे काम करता येईल. ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत चाललेल्या या चर्चेत दीडशे वर्षांपूर्वीचे कलम २१५ जसेच्या तसे उभे होते.

२७/
परंतु संगणकाचा कोड आणि माणसाच्या शरीरात बसणारे उपकरण यांत एक मूलभूत अंतर आहे. येथे तिसरा माणूस असतो : रुग्ण. भूल दिलेल्या अवस्थेत त्याच्या हाडात कोणती प्लेट बसली, हे तो पाहू शकत नाही. भारतात या क्षेत्रावर कायद्याची नजर उशिरा पडली. २००५ मध्ये स्टेंट, हाडांचे इम्प्लांट यांसह मोजकी उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये अधिसूचित झाले. आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे ‘औषध’ या व्याख्येत आली.

२८/
किमतीचेही तसेच. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या : साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये, कर वगळून. त्याआधी औषधलेपित स्टेंटसाठी रुग्णांना लाखाहून अधिक रुपये मोजावे लागत होते. कारखाना आणि रुग्ण यांच्यामध्ये वितरक, प्रतिनिधी आणि रुग्णालय यांचे किती थर होते आणि प्रत्येक थरात किती रक्कम मुरत होती, याची कल्पना या फरकावरून यावी. जेथे मधल्या थरातील नफा इतका मोठा, तेथे प्रतिनिधीला दुसरा माल बाळगण्याचा मोह होणे स्वाभाविक ठरते.

२९/
लपवलेल्या मालाचा खरा धोका येथे आहे. एखाद्या बॅचमध्ये दोष आढळला तर कंपनीला तो माल परत बोलवावा लागतो. त्यासाठी कोणत्या क्रमांकाचे इम्प्लांट कोणत्या रुग्णालयात, कोणत्या रुग्णाला बसले, याची साखळी अखंड असावी लागते. उघडपणे अनेक कंपन्यांचा माल ठेवणारा परवानाधारक वितरक पावती देतो, साखळी टिकते. आतल्या कप्प्यातून गेलेल्या मालाची नोंद तुटली, तर दोष कळूनही रुग्णापर्यंत निरोप पोहोचत नाही. शिवाय ‘हेच घ्या’ हा सल्ला देणाऱ्याला कोणाकडून किती मिळते, हे डॉक्टरला माहीत नसेल, तर त्या सल्ल्याचे वजन त्याने कसे जोखावे?

३०/
साडेतीनशे वर्षांचा हा ताळेबंद मांडला तर तीन वाटा दिसतात. पगार कमी ठेवून बंदी घालणे, ही डचांची वाट. तीत चोरी थांबत नाही, फक्त अदृश्य होते. पगार कमी ठेवून जोडधंद्याला मुभा देणे, ही इंग्रजांची आरंभीची वाट. तीत मालक आणि नोकर दोघेही समाधानी राहतात आणि किंमत विणकर मोजतो. पुरेसा पगार देऊन मग बंदी घालणे, ही कॉर्नवॉलिसची वाट. ती तिघांत बरी, पण तीही ज्यांना पगार मिळाला त्यांच्यापुरतीच.

३१/
चौथी वाट रुस्तम माणकच्या आणि वाशीच्या अडत्याच्या धंद्यात आधीपासूनच होती : जे आहे ते उघड ठेवणे. ज्याला दोन कंपन्यांचा माल विकायचा आहे त्याने वितरक म्हणून नोंद करावी, परवाना घ्यावा, पावती द्यावी. ज्याच्याकडून एकनिष्ठ नोकरी हवी आहे त्याला कंपनीने तेवढा पगार आणि तेवढे कायदेशीर संरक्षण द्यावे. या दोन्हींच्या मधली अंधारी जागा कंपन्यांनाही सोयीची असते, कारण तीत पगार वाचतो आणि दोष नोकरावर ढकलता येतो. सुरतेहून राजापूरच्या कैद्यांना गेलेले पत्र याचा पुरावा आहे.

३२/
इतिहासाच्या पुस्तकांत खाजगी व्यापाराचा उल्लेख बहुधा क्लाइव्ह आणि हेस्टिंग्ज यांच्या लोभाची कथा म्हणून येतो. लोभ होताच. पण वर्षाला ५ पौंडांवर माणूस नेमून त्याच्या हाती राज्याएवढी सवलत देणारे संचालक लंडनमध्ये सुखाने लाभांश मोजत होते, हेही त्याच कथेचे पान आहे. म्हणून एखाद्या प्रतिनिधीच्या बॅगेतील दुसऱ्या कॅटलॉगची चौकशी करताना तीन कागद शेजारी ठेवून वाचावेत : त्याचे नेमणूक पत्र, त्याची पगाराची पावती आणि रुग्णाचे बिल. मोकळ्या राहिलेल्या जागेची किंमत कोण मोजत आहे, हे त्या तिसऱ्या कागदावर लिहिलेले असते.

(थ्रेड समाप्त)